अल्पाइन जेएस : मराठी अर्जाच्या रकान्यांवर वर्षभर वापरल्यानंतर

एका सहकारी पतसंस्थेचा सभासदत्वाचा अर्ज गेल्या वर्षी माझ्याकडे आला, तेव्हा तो छापील ४ पानांचा होता आणि त्यात ३१ रकाने होते. तो वेबवर आणायचा म्हणजे केवळ कागदाची नक्कल करून भागणार नव्हते. अर्जदार विवाहित असेल तरच जोडीदाराचे नाव विचारायचे, जिल्हा निवडल्यावर त्याच जिल्ह्याचे तालुके पुढे करायचे, नामनिर्देशनात वारसदारांच्या ओळी हव्या तितक्या वाढू द्यायच्या आणि चूक झाली तर ती अर्ज पाठवण्याआधीच, त्या रकान्यापाशीच दाखवायची, एवढी हालचाल त्या पानात हवी होती. पाने सर्व्हरवर लॅराव्हेल या पीएचपी भाषेतील फ्रेमवर्कमध्ये तयार होत होती आणि एका अर्जापायी रिअ‍ॅक्टचा (मोठ्या वेब-प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचा) सगळा संसार मांडण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून अल्पाइन जेएस ही लहानशी जावास्क्रिप्ट लायब्ररी निवडली. वर्षभर तिच्यावर काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की अर्जाच्या रकान्यांसाठी ती अवश्य घ्यावी, पण तिच्यासोबत मिळणारा मास्क हा, रकान्यातला मजकूर साच्यात बसवणारा, प्लगइन (जोड-स्क्रिप्ट) मराठी अर्जाच्या वाटेला जाऊ देऊ नये.

अल्पाइन ही केलेब पोर्झिओ यांची निर्मिती आहे. २०१९ च्या अखेरीस ती ‘प्रोजेक्ट एक्स’ या नावाने पुढे आली, नंतर तिला आजचे नाव मिळाले आणि २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती आली. डेटा बदलला की पान आपोआप बदलावे, यासाठी आत व्ह्यू या दुसऱ्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कचेच रिअ‍ॅक्टिव्हिटी पॅकेज वापरलेले आहे. एमआयटी परवान्यामुळे ती फुकट आहे, संकुचित केल्यावर तिचा आकार साधारण पंधरा-सोळा किलोबाइट भरतो आणि ती चालवण्यासाठी बिल्डची कोणतीही पायरी लागत नाही. पानाच्या डोक्यात एक स्क्रिप्ट टॅग टाकला की काम सुरू होते. संकेतस्थळावर विकत मिळणारे तयार घटकही आहेत, परंतु मला त्यांची गरज पडली नाही.

तिची खरी सोय अशी की रकाना काय करतो ते रकान्यापाशीच लिहिलेले असते. पूर्वी मी हेच काम जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत करीत असे. तेव्हा एचटीएमएल एका फाइलमध्ये आणि त्याला हलवणारी स्क्रिप्ट दुसऱ्या फाइलमध्ये असे, आणि ‘विवाहित’ या रेडिओ बटणाने नेमके काय लपते-दिसते हे शोधण्यासाठी आयडीच्या मागे धावत दोन्ही फाइली चाळाव्या लागत. अल्पाइनमध्ये फॉर्मच्या टॅगवर एक्स-डेटा लिहून अर्जाची माहिती ठरवायची, प्रत्येक रकान्याला एक्स-मॉडेलने त्या माहितीशी बांधायचे आणि जो भाग प्रसंगी दिसायला हवा त्याच्यावर एक्स-शो लिहून पुढे अट मांडायची. सहा महिन्यांनी तीच फाइल उघडली तरी ‘वैवाहिक स्थिती विवाहित असेल तर दाखवा’ हे वाक्य जोडीदाराच्या रकान्याच्या अंगावरच वाचायला मिळते. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने, जिला जावास्क्रिप्ट जेमतेम येत होती, दुसऱ्याच दिवशी त्या अर्जात ‘पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा आहे’ हा चौकोन स्वतः जोडला. जेक्वेरीच्या काळात हे मी तिच्या हाती सोपवले नसते.

मात्र एक्स-शो रकाना लपवतो, काढत नाही, आणि हा भेद न समजल्याने माझा पहिला आठवडा वाया गेला. पतसंस्थेतील लिपिक फोनवर सांगत होते की काही अर्ज ‘जमा करा’ दाबूनही जागचे हलत नाहीत आणि पडद्यावर चुकीचा एकही शब्द उमटत नाही. माझ्या संगणकावर अर्ज बिनतक्रार जात होता, कारण चाचणी घेताना मी दरवेळी ‘विवाहित’ निवडत होतो. अविवाहित अर्जदाराच्या बाबतीत जोडीदाराचा रकाना दृष्टीआड झाला होता, पण त्याच्यावर मी लिहिलेला, रकाना भरणे सक्तीचे करणारा, रिक्वायर्ड हा शब्द तसाच होता. ब्राउझर त्या रिकाम्या रकान्यापाशी अडत होता आणि तक्रारीचा फुगा जिथे दाखवायचा तो रकानाच पानावर दिसत नसल्याने मुकाट थांबत होता. ब्राउझरचा कन्सोल (तांत्रिक संदेशांची खिडकी) उघडल्यावर मात्र, या नियंत्रणावर फोकस नेता येत नाही, अशा अर्थाची एक ओळ स्वच्छ लिहिलेली सापडली. चूक अल्पाइनची नव्हती, माझीच होती. उपाय दोन आहेत. एक, एक्स-शोऐवजी टेम्प्लेट टॅगवर एक्स-इफ लिहावे, म्हणजे रकाना पानातून खरोखरच निघून जातो. दुसरा मला अधिक पसंत पडला : तो सगळा भाग एका फील्डसेटमध्ये घालून लपलेला असताना तो फील्डसेट डिसेबल्ड करावा. डिसेबल्ड रकान्यांची तपासणी होत नाही आणि त्यांची माहितीही सर्व्हरकडे जात नाही, त्यामुळे आधी ‘विवाहित’ निवडून नाव लिहिलेले आणि मग ‘अविवाहित’ केलेले अर्ज जोडीदाराच्या नावासह दप्तरी दाखल होत नाहीत. शिवाय पुन्हा ‘विवाहित’ केले तर लिहिलेले नाव जागेवर सापडते.

दुसरी ठेच सर्व्हरशी असलेल्या नात्यात लागली. रकान्यात सर्व्हरने छापलेले मूल्य आणि एक्स-डेटातील मूल्य यांच्यात वाद झाला तर एक्स-मॉडेल नेहमी एक्स-डेटाची बाजू घेते. सर्व्हरवरच्या तपासणीत एखादी चूक निघाली की लॅराव्हेल तोच अर्ज आधी भरलेल्या माहितीसह परत पाठवते. पण माझ्या एक्स-डेटात सगळी मूल्ये रिकामी मांडलेली असल्याने पान उघडताक्षणी अल्पाइन ती भरलेली माहिती पुसून टाकत असे. काउंटरवर समोर सभासद बसवून ३१ रकाने भरलेल्या लिपिकाला, एका चुकीच्या पिन कोडपायी, कोरा अर्ज परत मिळणे म्हणजे काय याची कल्पना करावी. यावर एक्स-मॉडेलला ‘फिल’ हा प्रत्यय लावण्याची सोय आहे. तो लावल्यावर एक्स-डेटातील मूल्य रिकामे असेल तर रकान्यात छापलेले मूल्य उचलले जाते. हा प्रत्यय तिसऱ्या आवृत्तीच्या सुरुवातीला नव्हता, नंतर आला, आणि सर्व्हरवर पाने तयार करणाऱ्यांसाठी तो खरे तर पहिल्या पानावर ठळक अक्षरात सांगायला हवा. दस्तऐवजात तो प्रत्ययांच्या यादीत इतर भावंडांबरोबर निमूटपणे बसलेला आहे.

आता मास्कविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण अर्जांसाठी अल्पाइन निवडणाऱ्या पुष्कळांना मास्कचेच आकर्षण असते. मास्क म्हणजे रकान्यात टंकताना मजकुराला साच्यात बसवणारी स्क्रिप्ट. साच्यात नऊचा आकडा लिहिला की त्या जागी अंक, रोमन ‘ए’ लिहिला की अक्षर आणि तारांकन लिहिले की दोहोंपैकी काहीही, असा तिचा साधा नियम आहे. पॅन क्रमांकासाठी पाच अक्षरे, चार अंक आणि एक अक्षर असा साचा एका ओळीत लिहिता येतो आणि तो उत्तम चालतो. बँकेच्या आयएफएससी संकेतांकातील ११ चिन्हांपैकी पाचवे नेहमी शून्य असते. साच्यात ते शून्य लिहून ठेवले की वापरणाऱ्याला ते टंकावेही लागत नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की मास्क लहान अक्षरांची मोठी अक्षरे करीत नाही, आणि सीएसएसने ती मोठी करून दाखवली तरी तो केवळ दिखावा असतो, सर्व्हरकडे लहानच जातात. साचा जुळला म्हणजे क्रमांक खरा, असेही नव्हे. आधारच्या १२ अंकांतील शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक असतो आणि त्या पद्धतीने एका अंकाची कोणतीही चूक तसेच शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल पकडता येते; हे गणित आपल्याला स्वतंत्रपणे लिहावे लागते. मी ते लिहिले आणि काउंटरवरच्या चुका तिथेच थांबू लागल्या.

इथवर सारे ठीक होते. पण मास्कला ज्याची ओळख आहे तो अंक फक्त इंग्रजी अंक, आणि ज्याची ओळख आहे ते अक्षर फक्त रोमन अक्षर. देवनागरी कळपट लावून कोणी पिन कोडच्या रकान्यात ‘४१६’ टंकू लागले, तर प्रत्येक अंक उमटतो न उमटतो तोच नाहीसा होतो. संदेश नाही, आवाज नाही, रकाना रिकामाच्या रिकामा. तारांकनाची तीच गत, कारण ‘काहीही’मध्ये देवनागरी धरलेलेच नाही. पतसंस्थेतील ज्येष्ठ लिपिक पत्ता मराठीत लिहून त्याच ओघात पिन कोडकडे येत असत आणि त्यांचा समज असा झाला होता की कळपटावरची वरची रांग बिघडली आहे. एकाने तर कळपट बदलूनही घेतला. मराठी अंक संगणकाला समजत नाहीत असे नाही. युनिकोडमध्ये मराठी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५ आहे, ते ओळीने बसलेले आहेत आणि साध्या वजाबाकीने त्यांचे इंग्रजी अंक करता येतात. अडचण एवढीच की जावास्क्रिप्टच्या नियमित पदावलीत (रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये) ‘अंक’ या अर्थाने जे चिन्ह सर्रास वापरले जाते, त्यातही फक्त इंग्रजी अंक येतात आणि आकड्यात रूपांतर करणारी अंगभूत फंक्शनेही मराठी अंक नाकारतात. अल्पाइनचा ‘नंबर’ हा प्रत्यय याच फंक्शनांवर उभा असल्याने ‘४५’ हे मूल्य त्याच्या दृष्टीने मजकूरच राहते. भागांची (शेअर्सची) रक्कम आणि प्रवेश शुल्क यांची बेरीज करताना मला याची प्रचिती आली : ४५ मध्ये ५ मिळवल्यावर ५० येण्याऐवजी मराठी पंचेचाळीसला इंग्रजी पाच चिकटून एक दुभाषी संख्या तयार झाली.

यावर मी पहिला उपाय केला तो असा की टंकलेला मराठी अंक जागच्या जागी इंग्रजी करून टाकावा. तांत्रिकदृष्ट्या तो बिनचूक होता आणि लोकांना तो मुळीच आवडला नाही. मी चार लिहिला, त्याचा फोर का झाला, असा प्रश्न एका सभासदाने विचारला आणि तो रास्त होता. शेवटी दिसणारा रकाना जसा लिहिला तसा राहू दिला, आणि त्याच्याशेजारी एक लपलेला रकाना ठेवून त्याच्या मूल्याला अंक बदलणाऱ्या फंक्शनशी बांधले. सर्व्हरकडे तो लपलेला रकाना जातो. हे काम अल्पाइनमध्ये इतक्या सहज झाले की मास्कवरचा राग निम्मा उतरला. अल्पाइनमध्ये आपले स्वतःचे डिरेक्टिव्ह, म्हणजे एक्स-शोसारखा टॅगवर लिहायचा शब्द, नोंदवता येते. मी ‘एक्स-अंक’ नावाचे लिहिले, त्याला वीस-बावीस ओळी लागल्या, आणि आता पिन कोड, मोबाइल, आधार आणि खाते क्रमांक या चारही रकान्यांवर तेवढा एक शब्द पुरतो. मोबाइलवर अंकांचा कळपट उघडावा म्हणून इनपुटमोड हा एचटीएमएलचाच गुणधर्म सोबत लावला आहे. संख्येसाठी असलेला नंबर हा रकान्याचा प्रकार मी अशा ठिकाणी मुद्दाम टाळला, कारण पिन कोड ही मोजायची संख्या नव्हे आणि माऊसचे चाक फिरल्याबरोबर तो एकाने वाढणे कोणालाही नको असते.

रकमेच्या बाबतीत मास्कचा आणखी एक दोष दिसतो. त्यात मनी नावाची सोय आहे, जी टंकता टंकता रकमेत स्वल्पविराम घालते. दशांशाचे चिन्ह, गटाचे चिन्ह आणि दशांशस्थळे तिला सांगता येतात, पण गट किती अंकांचा ते सांगता येत नाही. ती तीन-तीन अंकांवर तोडते. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही रक्कम आपण १२,३४,५६७ अशी लिहितो, तिथे ती १,२३४,५६७ अशी होते, आणि पतसंस्थेच्या माणसाला ती वाचताना बोटांवर मोजावे लागते. ब्राउझरमध्ये अंगभूत असलेल्या इंटल या सुविधेला मराठी-भारत हा लोकॅल (भाषा आणि प्रदेश यांची जोडी) सांगितला तर तीच रक्कम लाखाच्या गटांत आणि थेट मराठी अंकांत मिळते. मी रकान्यात स्वल्पविराम घालण्याचा नादच सोडला आणि रकान्याखाली एक्स-टेक्स्टने ती रक्कम नीट मांडून दाखवली. एक शून्य जास्त पडले तर ते आता डोळ्यांना लगेच खुपते.

मराठी टंकलेखनाचा प्रश्न अंकांवर संपत नाही. फोनवर बरेच जण रोमन अक्षरांत लिहून देवनागरी शब्द निवडतात. या काळात, म्हणजे शब्द अजून ठरायचा असताना, रकान्यात अर्धवट मजकूर येत-जात असतो आणि त्या प्रत्येक हालचालीवर इनपुट हा इव्हेंट, म्हणजे स्क्रिप्टला मिळणारी सूचना, उठतो. व्ह्यूमधील बांधणी असा शब्द पुरा होईपर्यंत थांबते. अल्पाइनचे एक्स-मॉडेल थांबत नाही. नुसते मूल्य वाचायचे असेल तर त्याने काही बिघडत नाही, पण आपली स्क्रिप्ट त्याच क्षणी मूल्य बदलू लागली, उदाहरणार्थ नावातील जादा मोकळ्या जागा काढू लागली, तर कळपट आणि स्क्रिप्ट एकमेकांच्या हातातून पेन ओढू लागतात आणि अक्षरे दुप्पट होतात किंवा गळतात. नाव, पत्ता, व्यवसाय अशा रकान्यांवर मी ‘लेझी’ हा प्रत्यय लावला, ज्यामुळे वापरणारा रकाना सोडून पुढे गेल्यावरच मूल्य उचलले जाते. तत्काळ प्रतिसाद लागतोच अशा ठिकाणी शब्द अजून ठरायचा आहे का हे सांगणारा, इव्हेंटचा इझ-कंपोझिंग हा गुण तपासून घ्यावा. ‘डिबाउन्स’ या प्रत्ययाने हा प्रश्न सुटेल असे मला आधी वाटले होते. तो केवळ पाव सेकंद लांबणीवर टाकतो, आणि शब्द निवडायला माणसाला त्याहून जास्त वेळ लागतो.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण हा दोष अल्पाइनच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. छापील अर्जात नावासाठी २० घरे होती, म्हणून मी रकान्याला मॅक्सलेंग्थ, म्हणजे कमाल लांबी, २० लावली. ब्राउझर ही मोजदाद अक्षरांची करीत नाही, युनिकोडच्या घटकांची करतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपण चार अक्षरांचे म्हणतो, पण त्यात हलन्त चिन्हे, काना आणि मात्रा धरून १० घटक आहेत. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिता लिहिता आडनाव मध्येच तुटत होते. मर्यादा भरपूर वाढवणे आणि खरी तपासणी सर्व्हरवर ठेवणे एवढाच शहाणपणा त्यात आहे.

चुकीच्या संदेशांबाबत अल्पाइन स्वतः काही देत नाही, आणि मला ते पटते. ब्राउझरच्या अंगी रकाने तपासण्याची पुरेशी यंत्रणा असते. फक्त तिचे संदेश पानाच्या भाषेत न येता ब्राउझरच्या भाषेत येतात, त्यामुळे मराठी अर्जावर अचानक इंग्रजी फुगा उगवतो. इनव्हॅलिड या इव्हेंटवर मराठी संदेश लिहून देता येतो आणि अल्पाइनमध्ये ती एका ओळीची गोष्ट आहे. ‘आयएफएससी संकेतांक ११ चिन्हांचा असतो, तो पासबुकाच्या पहिल्या पानावर मिळेल’ हे वाक्य लिपिकाच्या दहा खुलाशांची जागा घेते. मात्र आपण दिलेला संदेश रिकामा करेपर्यंत तो रकाना चुकीचाच मानला जातो, म्हणून टंकायला सुरुवात होताच तो पुसायला विसरू नये. लेबल आणि रकाना यांची जोडी जुळवण्यासाठी, विशेषतः एकसारख्या ओळी वाढत जातात तिथे, एक्स-आयडी हे डिरेक्टिव्ह फार उपयोगी पडते; त्यामुळे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कोणता संदेश कोणत्या रकान्याचा हे अचूक कळते.

जिल्हा आणि तालुका यांच्या जोडीत एक खोच आहे. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे पानातच दिले तरी चालते, तालुके मात्र मी निवडीनंतर सर्व्हरवरून आणतो. परत आलेल्या अर्जात तालुका आधीच ठरलेला असतो. पण सिलेक्टच्या रकान्याला तो सांगितला जातो तेव्हा तालुक्यांचे पर्याय यायचे असतात, आणि पर्याय आल्यावर मूल्य काही बदललेले नसल्याने एक्स-मॉडेल पुन्हा बघायला येत नाही. परिणामी माहितीत करवीर आणि पडद्यावर यादीतला पहिला तालुका, अशी फसगत होते. प्रत्येक पर्यायावर सिलेक्टेडची अट वेगळी लिहिली की ती टळते. तसेच पर्यायाचे मूल्य म्हणून जिल्ह्याचे नाव न ठेवता संकेतांक ठेवावा. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आणि त्यानंतर अहिल्यानगर ही नावे बदलली, तेव्हा ज्या अर्जांत नावच साठवले होते तिथे एकाच जिल्ह्याच्या दोन नोंदी होऊन बसल्या.

नामनिर्देशनाचा तक्ता हा या अर्जातला सर्वांत अवघड भाग होता आणि अल्पाइनने तिथेच सर्वाधिक काम वाचवले. एक्स-फॉरने ओळी काढल्या, ‘आणखी एक वारसदार’ हे बटण यादीत एक नोंद ढकलते, नेक्स्ट-टिकने नवी ओळ उमटण्याची वाट पाहून कर्सर तिच्या नावाच्या रकान्यात जातो. सगळे मिळून पंधरा ओळींत. एक चूक मात्र इथे महाग पडू शकते. प्रत्येक ओळीला ओळख म्हणून किल्ली द्यावी लागते आणि सोपी म्हणून ओळीचा अनुक्रमांकच किल्ली केला, तर मधली ओळ काढल्यावर अल्पाइन शेवटची ओळ पानातून काढते आणि मधल्या ओळीत पुढची माहिती भरते. एक्स-मॉडेलने बांधलेले रकाने बरोबर सरकतात. ओळखपत्राची फाइल निवडण्याचा रकाना मात्र स्क्रिप्टला भरता येत नाही, म्हणून तो होता तिथेच राहतो, आणि काढून टाकलेल्या वारसदाराचे ओळखपत्र त्याच्या जागी आलेल्या वारसदाराच्या नावावर जाते. चाचणीत हे दिसले म्हणून निभावले. ओळ तयार होताना तिला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच किल्ली म्हणून वापरावा.

त्याच तक्त्यात प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहून बेरीज १०० व्हावी अशी अट होती. तीन मुलांत सारखी वाटणी करणाऱ्या एका आजींच्या अर्जावर लिपिकाने तिन्ही ठिकाणी ३३.३३ लिहिले, बेरीज ९९.९९ झाली आणि माझ्या स्क्रिप्टने अर्ज अडवला. आता शेवटच्या वारसदाराचा हिस्सा लिहायचा नसतो. १०० मधून उरलेला आपोआप दिसतो, आणि आकडेमोड शतांशांच्या पूर्णांकांत होते.

अर्धवट अर्ज टिकून राहावा म्हणून पर्सिस्ट हा प्लगइन मी महिनाभर लावला आणि काढून टाकला. तो माहिती ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवतो. स्वतःच्या फोनवर ती सोय आहे, पण काउंटरवरच्या सामाईक संगणकावर आधीच्या सभासदाचा आधार क्रमांक पुढच्या सभासदाच्या अर्जात उघडा पडतो. टॅब बंद होताच माहिती पुसणारे सेशन स्टोरेज वापरण्याचा पर्याय त्यात आहे, पण दिवसभर एकच टॅब उघडा ठेवणाऱ्या कार्यालयात त्याचाही भरवसा धरता येत नाही.

सुरक्षेच्या लेखापरीक्षणात अल्पाइनवर एक आक्षेप येतो आणि तो आधीच माहीत असलेला बरा. एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या अटी ती मजकुरातून कोड तयार करून चालवते, आणि कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (सीएसपी, म्हणजे पानावर कोणता कोड चालू द्यायचा याचे नियम) लावलेल्या संकेतस्थळावर नेमके हेच निषिद्ध असते. त्यासाठी वेगळी सीएसपी आवृत्ती मिळते, पण तिच्यात अटी लिहिण्याचे स्वातंत्र्य कमी असते, आणि मी ती वापरली तेव्हा रकान्याच्या अंगावर सगळे लिहिण्याची जी गंमत मी वर वर्णन केली तीच तिथे आटली. बरेचसे लेखन अल्पाइन-डेटामध्ये, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये, हलवावे लागले. राष्ट्रीयीकृत बँकेसारख्या ठिकाणी अर्ज करायचा असेल तर पहिल्या दिवसापासून त्याच आवृत्तीवर काम सुरू करावे. नंतर बदलायला गेलो तेव्हा मला जवळपास प्रत्येक रकाना पुन्हा हाताळावा लागला, हे मी ३१ रकाने दोनदा लिहून शिकलो. स्क्रिप्ट सीडीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सार्वजनिक फाइल-सर्व्हरवरून, घेताना दुव्यात ‘तिसऱ्या मालिकेतील सर्वांत नवी’ असे मोघम न ठेवता नेमकी आवृत्ती लिहावी. पतसंस्थेचा अर्ज मार्चअखेरीला, आपण न विचारता आलेल्या बदलाने, वेगळा वागू लागला तर त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.